करंगळीला कळत होतं

दारव्हा,
१९ डिसेंबर १९६५

ती. सौ. रजनीवहिनींस,
प्रभाचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. तिकडेही असेल असं धरून चालते, कारण दिवाळीच्या कार्डाला तुमचं उत्तर नाही आणि काही बरंवाईट असतं तर तुमच्या भावानं, सदाशिवरावांनी, तार केली असती.

थंडी यंदा फार. दादा मफलर गुंडाळून कचेरीत बसतो आणि त्याचे साहेब त्याला हसतात. पुढच्या वर्षी तो पेन्शनीत निघेल. माझ्या शाळेत नवीन बाकं आली, पण मास्तर काही आले नाहीत. चौथी आणि पाचवी मी एकाच खोलीत हाकते आहे. घसा बसतो, पण माझा बसलेला आवाजही वर्गाला ऐकू जातो हे तुम्हाला ठाऊकच आहे.

कुंदा नववीत आहे. अंगानं माझ्याहून उंच झाली. गणितात दरवर्षी पहिली येणारी पोरगी यंदा सहामाहीत नापास झाली, तेव्हा मी तिला दोन चापट्या मारल्या. ते आता मनाला फार लागतं आहे, कारण पोरीची चूक नव्हती. लिहिता लिहिता तिच्या हातातून पेन गळायचं. सकाळी उठली की हात झटकत बसायची, म्हणायची, "आत्या, मुंग्या येऊन राहिल्या, जातच नाहीत." मग तळपायाची आग सुरू झाली. भर दुपारी शाल, आवाज घोगरा, चेहऱ्यावर सूज. आमच्या भांडेवाल्या हंसाबाईनं मला एक दिवस चांगलंच सुनावलं, "बाई, पोरगी सुजून राह्यली अन् तुमी तिले अभ्यासाचं काय सांगता? डागदरले दाखवा."

नागपूरला नेलं. डॉक्टरांनी तिच्या टाचेच्या वरच्या शिरेवर रबराची हातोडी मारली. पाऊल उडालं, पण खाली यायला त्यानं इतका वेळ लावला की मीसुद्धा पाहत राहिले. मग तिच्या गळ्यावर बोटं ठेवून तिला पाणी प्यायला लावलं. म्हणाले, इथे थायरॉईड नावाची ग्रंथी असते, ती मंदावली आहे. ती मंदावली की सगळं अंगच मंदावतं, आणि मज्जातंतूंना सूज येऊन हातापायांना मुंग्या, आग, बधिरपणा असं सगळं होतं. गोळ्या सुरू केल्या आहेत.

वहिनी, तुम्हाला ढाणकीला जाऊन आठ वर्षं झाली. सहज विचारते: तुमच्या पायांची आग अजून होते का? थंडी फार वाजते का? आवाज कसा आहे? भुवयांचे केस बाहेरच्या टोकानं गेलेत, की सगळेच? कोणाकडून तरी दोन ओळी लिहवून घ्या. पत्ता नेहमीसारखा शाळेचाच घाला. घरी आलेलं टपाल आधी कुंदाच्या हाती पडतं.

सदाशिवरावांना आणि इंदुताईंना नमस्कार.

तुमची,
प्रभा


दारव्हा,
२३ जानेवारी १९६६

ती. सौ. वहिनींस,
नमस्कार.

सदाशिवरावांचं कार्ड मिळालं. तुमच्या पायांची आग दोन वर्षांपूर्वी आपोआप थांबली, आता निखारा लागला तरी कळत नाही. भुवया अर्ध्या गेल्या. आवाज पुरुषासारखा झाला आणि तुम्ही दिवसाही झोपलेल्याच असता. "आता दुखणं नाही ही देवाची कृपा," असं त्यांनी शेवटी लिहिलं आहे.

ते कार्ड घेऊन मी पुन्हा नागपूरला गेले. डॉक्टरांनी वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. पहिल्या खेपेला त्यांनी कुंदाला विचारलं होतं, आईला असं काही होतं का? कुंदा म्हणाली होती, "मी सहा वर्षांची असताना आई वारली." मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते आणि काही बोलले नव्हते. आता त्यांना सांगावं लागलं की आई आहे, आणि तिला महारोग आहे म्हणून ती माहेरी असते. ते म्हणाले, "दुखत होतं तोवर तंतू जिवंत होते. ह्यांना महारोग आहे हे ठरवलं कोणी?"

मी म्हणाले, आम्ही वणीला होतो तेव्हा सर्व्हेच्या डॉक्टरांनी.

वहिनी, हे खोटं आहे. तेव्हा दादाला आणि सदाशिवरावांना मी हेच सांगितलं होतं; तुम्हाला, माझा कागद पाहून डॉक्टरांनी ठरवलं असं. तुम्हाला कोणत्याही डॉक्टरनं कधी पाहिलं नाही. पाहिलं ते मी.

सत्तावन्न साली आम्हा शिक्षिकांना महारोगाच्या पाहणीसाठी तीन दिवस शिकवलं होतं, आठवत असेल. भिंतीवर तक्ता होता. भुवया झडणं, चेहरा जाड होणं, कातडी कोरडी पडून घाम न येणं, बोटं बधिर होणं. मी तो पाठ करून आले. घरी येऊन तुमच्याकडे पाहिलं आणि तक्ताच समोर उभा दिसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्हाला पाटावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची बारीक वात तुमच्या बोटांवरून फिरवली. तुम्हाला तो खेळ वाटला, तुम्ही हसत होता. अंगठा? "नाही कळलं, वन्सं." त्याच्या शेजारचं? नाही. मधलं? नाही. करंगळीला लावली तेव्हा तुम्ही लगेच म्हणालात, "हो, गुदगुल्या करून राह्यल्या तुम्ही."

करंगळीला कळत होतं. तेवढं मी कागदावर लिहिलं नाही. तीन बोटं जुळत होती, भुवया जुळत होत्या, मग एका करंगळीसाठी आपलं शिक्षण कशाला खोटं पाडायचं! नागपूरचे डॉक्टर म्हणाले की महारोगात बहुतेक वेळा करंगळीच आधी बधिर होते. अंगठ्याकडची तीन बोटं गेली आणि करंगळी शाबूत, तर मनगटात तंतू दाबला गेला असं समजायचं. ग्रंथी मंदावली की तिथे सूज येते. कुंदाचंही अगदी तसंच आहे. तिला विचारलं, तर तिचीही करंगळी शाबूत.

आठ दिवसांनी तपासणीची जीप गल्लीत आली. डॉक्टर जीपमध्ये बसले होते आणि घरोघरची माणसं मोजायचं रजिस्टर माझ्याच हातात होतं. आपल्या दारापाशी डॉक्टरांनी विचारलं, "इथे किती माणसं?" मी म्हणाले, "तीन. तिघंही निरोगी." तुमचं नाव रजिस्टरात गेलं की गावात दादाला तोंड दाखवता येणार नाही, कुंदाचं लग्न होणार नाही, असं मला वाटलं. घराण्याची अब्रू राखली म्हणून मनात शाबासकीही दिली स्वतःला. डॉक्टर पाच पावलं चालून आत आले असते, तर त्यांनी तुम्हाला त्याच दिवशी मोकळं केलं असतं.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि मी भावाच्या घरी आले. तुम्ही मला कधी वावगा शब्द बोलला नाहीत. पण कुंदा तुमची होती. तुम्ही ढाणकीला गेल्यावर ती पंधरा दिवस रडली आणि एका रात्री आपणहून माझ्या अंथरुणात आली. मला फार बरं वाटलं, वहिनी. इतकं बरं वाटलं की तुम्ही बऱ्या होऊन परत याल ह्याचं भय वाटायला लागलं. दारव्ह्याला बदली झाली. इथे आपल्याला कोणी ओळखत नव्हतं. तेव्हा मी तिला सांगितलं की आई गेली. दादा शेजारीच ऐकत होता.

ती अकरा वर्षांची झाली तेव्हा तिनं विचारलं, "नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची अविधवा नवमी करतात, मग आपण आईची काहून नाही करत?" तेव्हापासून दरवर्षी भाद्रपदात आम्ही सवाष्ण जेवू घालतो. कुंदा स्वतः पुरण वाटते. मी सवाष्णीची ओटी भरते. दादा त्या दिवशी जेवत नाही, पोट बिघडलं म्हणतो. तुम्ही तिकडे जिवंत, आणि इकडे तुमच्या नावानं पान मांडलेलं.

नागपूरहून आल्यावर दादाला सगळं सांगितलं. बराच वेळ तो जोड्याचे बंद बांधत बसला. म्हणाला, "तुझ्या शब्दावर मी माणूस सोडलं, प्रभे. आता मले कायले सांगून राहिली?" आणि कचेरीत गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

सोबतच्या पार्सलात गोळ्यांची बाटली आहे. कशापासून करतात ते विचारू नका. दादालाही मी सांगितलेलं नाही, त्याचं सोवळं तुम्हाला ठाऊक आहे. आधी पाव गोळीच घ्यायची. इतक्या वर्षांनी एकदम जास्त घेतली तर हृदयाला झेपत नाही. डॉक्टरांनी मला खोटी आशा दिली नाही. आवाज सुधारेल, झोप उतरेल, अंगात ऊब येईल. बोटांतलं आणि पायांतलं जे गेलं ते बहुतेक परत येणार नाही, आठ वर्षं फार झाली, असं म्हणाले. ह्या गोळ्या नागपूरला कधी मिळतात, कधी मुंबईहून मागवाव्या लागतात आणि मग महिना महिना येत नाहीत. कुंदाला पाच आठवड्यांत फरक पडला. काल तिनं पाढे म्हणून दाखवले, लहान मुलीसारखे, उगाच.

तिचा फोटोही ठेवला आहे. वहिनी, तुम्ही हो म्हणाल तर मी तिला सगळं सांगते आणि ढाणकीला घेऊन येते. ती माझं तोंड पुन्हा पाहणार नाही हे मला कळतं. तरी आणते. फक्त तुमचा होकार येऊ द्या.

क्षमा मागत नाही. ती मागण्याजोगं मी काही शिल्लक ठेवलेलं नाही.

प्रभा


ढाणकी,
११ फेब्रुवारी १९६६

वन्संना रजनीचा नमस्कार.

माझ्या हातात पेन राहत नाही, म्हणून इंदुवहिनीले सांगते, ती लिहून राह्यली. तुमचं पत्रही तिनंच वाचलं. दोनदा वाचावं लागलं, पहिल्यांदा मी मधीच झोपले.

जीप आलती ते मले ठाऊक आहे. मी चुलीपाशी होते. तुम्ही तीन माणसं म्हणाल्या ते ऐकलं. मी उठून बाहेर येऊ शकत होते. नाही आले. मलेही वाटलं, नाव नको जायला. तर सगळा दोष नका घेऊ अंगावर. अर्धा घ्या.

कापसाचं आठवते. करंगळीचं नाही आठवत.

इथं माझं बरं आहे. गोठ्याशेजारची खोली आहे, माझं ताट-लोटा वेगळा आहे. सदाशिवदादा दारातून बोलतो. इंदुवहिनी मात्र आत येऊन बसते, पहिल्यापासून. तुमचं पत्र वाचल्यावर तिनं माझा हात हाती घेतला अन् लय रडली. मले हात धरलेला दिसत होता, लागत नव्हता.

फोटो पाह्यला. पोरगी उंच झाली. नाक ह्यांचं आहे. मी फोटो मांडीवर घेऊन बसले, म्हटलं आता रडू येईन, मंग येईन. नाही आलं, वन्सं. पहिले कोणी तिचं नाव काढलं तरी छाती भरून यायची. पायाची आग व्हायची तवा मी रात्रभर तिचंच नाव घेत बसायची. आता आगही नाही अन् तेही नाही. कधी गेलं ते मले समजलंच नाही.

(इथपर्यंत सांगून त्यांना झोप लागली. पुढचं दुसऱ्या दिवशी लिहिलं. इंदु.)

काल काय सांगितलं ते वहिनीनं वाचून दाखवलं.

कुंदाले आणू नका. आईसाठी तिचं रडून झालं आहे. आता जिवंत आई पाह्यली, अन् आईनं तिले पाहून नुसतं पाहतच राह्यलं, तर पोरीनं ते कुठं ठेवायचं? तुम्ही जे सांगितलं तेच राहू द्या. आता ते खोटं राह्यलं नाही. नवमीही बंद करू नका, तिले शंका येईन.

गोळ्यांची बाटली परत पाठवली आहे. मुंबईहून महिना महिना येत नाहीत असं तुम्हीच लिहिलं. माझ्या बोटांत परत यायचं नाही म्हणते तुमचा डॉक्टर. तिच्या बोटांत अजून आहे. तिचा खंड पडू देऊ नका. इंदुवहिनी कालपासून भांडून राह्यली की पाव गोळी तरी खाऊन पाहा. मी नाही म्हटलं. खाल्ली अन् मले सगळं पहिल्यासारखं वाटाले लागलं, तर ह्या खोलीत बसून मी त्याचं काय करू?

फोटो तेवढा ठेवून घेतला.

ह्यांना नमस्कार सांगा.

चि. कुंदास अनेक आशीर्वाद. तिला कळवू नये.

रजनी