मला न येणारा कोर्स

४ जुलै
थाप मारली. सरळ सरळ थाप. नवऱ्याला म्हटलं, "दुसरा कोर्स फार रुक्ष आहे. मुंगीला झेपायचा नाही, आठ वर्षांची पोर ती." खरं कारण — तो मला झेपला नाही!

मुंगीच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी दोन सुचवलेत. "वर्गातलं गणित तिचं कधीच संपलंय, नुसती खिडकीबाहेर बघत बसते. आता बीजगणित सुरू करा. कुठला कोर्स, ते तुम्ही ठरवा." पहिल्यात क्षची किंमत काढायची, उत्तर बरोबर आलं की पडद्यावर तारा. हे मला येतं. दुसऱ्याच्या नमुन्याच्या पानावर एकच प्रश्न : दोन विषम संख्यांच्या वर्गांच्या वजाबाकीला नेहमी आठाने भाग जातो, तो का? करून बघितलं. नवातून एक, आठ. पंचविसातून नऊ, सोळा. जातो भाग. पण का? डोकं खाजवत बसले. शेवटी पान मिटलं आणि पहिल्या कोर्सला तिचं नाव घातलं.

९ जुलै
मुंगी धडाधड सुटलीय. मी शेजारी बसते. प्रत्येक उत्तर लिहिलं की मान वर करून माझ्याकडे बघते. गोड आहे पोरगी.

१३ जुलै
नवरा भाजी निवडता निवडता म्हणाला, "तू तिला उत्तरं सांगतेस." मी उसळलेच. एक शब्द बोलत नाही मी! "शब्द कशाला हवा? तिचं चुकलं की तुझ्या भुवया कपाळावर जातात." मग भांडण. म्हटलं, चेहऱ्याचं मला शिकवू नकोस, माझं कामच ते आहे.

आहेच. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावते. दिसत नसलं की अंदाजाने ठोकून देतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात — बरोबर? तिथे मी दगड असते. नाहीतर नंबर चुकीचा निघतो. घरी मात्र... आज आरशासमोर भुवया आवरून बघितल्या. तिचं चुकलेलं उत्तर नुसतं आठवलं तरी आवरेनात.

१८ जुलै
लिहायलाही लाज वाटतेय.

मुंगी किती पुढे गेली ते बघायला बाईंनी आज शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा." थोड्या वेळाने आत बोलावलं. कागद पुढे केला. प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं. एक बरोबर, एक चूक, दोन्ही सुबक अक्षरात. "मी विचारलं, यातलं खरं कुठलं? तर म्हणते, ते आई बघते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुंगी पायमोजा वर ओढत उभी. वाटेत विचारलं, "तुला येत होतं ना गं?"

"येत होतं. पण तू नव्हतीस."

तिची हुशारी मीच पोखरली. आणि वर ताऱ्यांचे फोटो बहिणीला पाठवत होते.

१९ जुलै
नवऱ्याला सगळं सांगितलं, थापसुद्धा. वाटलं, आता हसेल. नाही हसला. म्हणाला, "मग शेजारी बसू नकोस." संध्याकाळी नाही बसले. मुंगीने पेन्सिल खाली ठेवली ती उचललीच नाही.

२० जुलै
बाईंना फोन. दुसरा कोर्स हवा म्हटलं.

"तुम्हीच नको म्हणाला होतात ना? आता का?"

म्हटलं, "कारण तो मला येत नाही."

बाई म्हणाल्या, "असं कारण मी पहिल्यांदाच ऐकतेय. घालते तिचं नाव."

२४ जुलै
शेजारी बसले. मुंगीने दोन उत्तरं लिहिली आणि मान वर केली. बघत राहिली. माझ्या तोंडावर काही नव्हतं, कारण डोक्यातच काही नव्हतं.

"सांग ना, आई."

"मला खरंच येत नाही गं."

तिचा विश्वास बसेना. अगदी जवळ येऊन माझा चेहरा बघितला. मग वही स्वतःकडे ओढली. बराच वेळ गेला. एक उत्तर खोडलं.

चुकीचं तेच खोडलं का, मला माहीत नाही.