दुसऱ्या भेटीची तळटीप

मॅडम, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझ्या प्रबंधाबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीच आहे.

यवतमाळला तुमच्या स्वयंपाकघरात आमचे सर्वेक्षणाचे फॉर्म तपासले जायचे. तुम्ही ओट्याशी उभ्या, एका हाताने वरण ढवळताय, दुसऱ्या हातात दारव्ह्याकडच्या तांड्यावरचे माझे फॉर्म. मत कोणाला दिलं, का दिलं, असे प्रश्न. "काहून रे, साऱ्या बायायचं उत्तर नवऱ्यासारखंच? तू बाईले इचारलं का तिच्या मालकाले?" मी म्हणालो, बाई शेजारीच होती, मान हलवत होती. "माना मोजाले नाही पाठवलं तुले. परत जा. अन् फॉर्म नेऊ नको, नुसता बोल."

मी निघालो, पण दारव्ह्याच्या पुढे गेलोच नाही. ऊन होतं, जीप भरेना, आणि खरं म्हणजे परक्या बाईशी बोलायचं काय, याची मला धास्ती होती. स्टँडवरच्या हॉटेलात भजी खाल्ली, परत आलो आणि फॉर्मवरची उत्तरं मनानेच बदलली. बाया नवऱ्याला न सांगता आपलं मत देतात, असं त्यातून निघालं. तुम्ही खूश झालात. "आता कसं राज्यशास्त्र वाटून राह्यलं!" प्रबंधातल्या त्याच प्रकरणावर मला नोकरी लागली. आज मी मुलांना संशोधनपद्धती शिकवतो. दुसऱ्या भेटीचं महत्त्व तर फारच रंगवून सांगतो.

यंदा माझी विद्यार्थिनी त्याच तांड्यावर गेली. निष्कर्ष तोच निघाला. "सर, तुमचं बरोबर होतं," म्हणत आनंदाने आली. मला शरम वाटली. तिच्या टिपणात एका म्हाताऱ्या बाईचं बोलणं आहे: "ते सर आलते. मालकासंगं बोलले, चहा पेले, गेले. मंग आलेच नाही. मले तं आत्ता तूच पह्यल्यांदा इचारून राह्यली." खाली पोरीने तळटीप दिली आहे: वयोमानामुळे उत्तरदात्या महिलेला दुसरी भेट आठवत नाही.

तिच्या प्रबंधाचं ते प्रकरण सहीसाठी माझ्या टेबलावर पडलंय. सही केली की ती बाई कायमची विसरभोळी ठरणार. तिची आठवण चोख आहे, मॅडम. तुम्ही आता रागावू शकत नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगून पाहिलं. पोरगी उद्या अकराला येईल. तिला सांगायचं ठरवलंय. परवाही ठरवलं होतं. ती समोर येऊन बसली, आणि मी तिला संदर्भसूची नीट करायला सांगितली.