कद्दिशला एक माणूस कमी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्या दुपारचा माझा राग उतरलेला नाही. मंडळाला नावं ठेवलेली तुम्हाला खपत नसत, ठाऊक आहे. डिंभ्याच्या धरणावर तुमची बदली झाली आणि आपण घोडेगावला आलो, तेव्हा बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, घर आपलं एकटंच. पुण्याचं आपल्या समाजाचं मंडळ होतं म्हणून सणाला बिनखमिराची भाकरी मिळाली, आईच्या आजारपणात मंडळातल्या बायका आळीपाळीने येऊन स्वयंपाक करून गेल्या. तुम्ही गेलात तेव्हाही एका फोनवर त्यांची जीप निघाली. सगळं मान्य.

पण जीपमधून उतरले नऊ जण. दहाव्याच्या पोटात कळा आल्या म्हणून त्याला मंचरला दवाखान्यात सोडलं होतं. मेलेल्या माणसासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायची तर आपले दहा पुरुष हवेत. मंडळाचे सेक्रेटरी हात चोळत म्हणाले, "कद्दिश राहू द्यावी लागेल." तेव्हा आपले शेजारी तात्या पुढे झाले.

"राव, निम्मं गाव हितं उभं हाय, आन् तुमाला एक माणूस मिळंना व्हय?"

माणूस आपल्याच धर्माचा लागतो, हे सांगता सांगता सेक्रेटरींची पुरेवाट झाली. तात्यांनी माझ्याकडे हात केला. "मंग ही कोन हाय? सायबांचीच लेक न्हवं?"

सेक्रेटरींनी स्तोत्रांचं पुस्तक उघडलं. मी तिथेच उभी आहे, डोक्यावर पदर घेऊन. दर शुक्रवारी आई स्वयंपाकघरात दिवा लावायची आणि तुम्ही माझ्याकडून प्रार्थनेचा एकेक शब्द घोकून घ्यायचात, चुकले की पाटावर बोट आपटून, "पुन्हा म्हण." त्या नऊ जणांतल्या निम्म्यांना पुस्तकाशिवाय म्हणता येत नव्हतं. मला येत होतं. शेवटचे चार महिने तुमचं सगळं मी केलं, आणि मोजायच्या वेळी मी कोणीच नाही? त्यांनी स्तोत्रं म्हटली, माती लोटली, चहा घेतला आणि गेले. तुमची कद्दिश झाली नाही.

आज मंडळालाच खरमरीत पत्र लिहायला बसले होते. दोन ओळी झाल्या आणि आई गेली तो दिवस आठवला. तेव्हाही एक जण कमी होता. तुम्ही रस्त्याकडे डोळे लावून तासभर बसलात, मी तुमच्या शेजारीच होते. शेवटी तो आला, म्हणून निभावलं. तो आला नसता तर तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलं असतंत का, हे तुम्हाला विचारायचं मनात होतं. नंतर कितीतरी वर्षं आपण दोघंच एका घरात होतो, पण विचारलं नाही. तुम्ही काय म्हणाल, ते मला ठाऊक होतं.