बटण बंद, करंट चालू

मॅडम, काल राहू गावच्या शाळेत एका मुलीच्या हातातून पक्कड काढून घेणार होते, तेवढ्यात तुम्ही आठवलात. हात मागं घेतला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शिकवताना तुमचा धाक आहेच.

निमोण्याच्या शाळेत मी सातवीत होते. तुमच्या कंपनीतले आणखी दोन इंजिनियर सोबत घेऊन तुम्ही शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर यायचात. पिशवीत वायरी, होल्डर, बटणं. मी जोडलेला बल्ब पहिल्याच झटक्यात लागला आणि मी वर्गभर मिरवले. तुम्ही बटण बंद करून होल्डरला टेस्टर लावलात. टेस्टर पेटला. "बटण चुकीच्या वायरीवर बसवलंयस. बल्ब विझला तरी करंट आत आहेच," तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. मला रडू फुटलं, पण बोलणी खाल्ली म्हणून नाही. आमच्या स्वयंपाकघरातला बल्ब चुलीच्या धुरानं काळा व्हायचा. आई बटण बंद करून तो ओल्या फडक्यानं पुसायची आणि दर वेळी तिला शॉक बसायचा. विजेचा तो गुणच, असं आम्ही धरून चाललो होतो.

हे सांगितल्यावर तुम्ही माझ्यासोबत थेट घरी आलात. माझे वडील, आप्पा, दारातच म्हणाले, "बल्ब लागतोय न्हवं? मग पोरीला कशाला हात घालाय लावताय?" मी बटण बंद करून होल्डरला टेस्टर लावला. लाल उजेड बघून आप्पा चपापले. "वायरमनला बोलावतो."

"आन् त्यो कवा यायचा?" आई म्हणाली. "करू द्या तिला."

तुम्ही मेन बंद केलात आणि हाताची घडी घालून माझ्या शेजारी उभ्या राहिलात. "मी बघतेय. काम तू कर." मी बटण बरोबर वायरीवर घेतलं. बटण बंदच ठेवून मेन चालू केला आणि पुन्हा टेस्टर लावला, या वेळी तो पेटला नाही. तुम्ही आईला कोरडं फडकं घ्यायला लावलंत. तिनं हात वर नेला.

"न्हाई गं, काय लागत न्हाई," म्हणाली आणि खुदकन हसली.

आज मी एका कंपनीत विजेची पॅनेल बसवणाऱ्यांची साहेब आहे. शनिवारी तुमच्यासारखीच शाळांत जाते आणि ही गोष्ट रंगवून सांगते. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता उरलेला नाही, म्हणून खरं लिहिते. मी ताठ उभी होते, असं मुलांना सांगत असते. पण आईचा हात होल्डरपर्यंत पोचला तेव्हा मी डोळे गच्च मिटून तुमची ओढणी धरली होती. तुम्ही ती सोडवून घेतली नाहीत.