बाईंना काढण्याचा ठराव माझ्या अक्षरात आहे

प्रिय बाई,

समोर आपल्या चर्चच्या मंडळीचं इतिवृत्ताचं रजिस्टर उघडं आहे आणि मला तुमचा शोकठराव लिहायचा आहे. काल पाळकसाहेब म्हणाले, तू सेक्रेटरी आहेस, शिवाय बाईंचा विद्यार्थी. बावीस वर्षं मुलांची रविवारची शब्बाथ शाळा चालवली, मुलांवर माया केली, अशा चार ओळी लिही. ते जुनं प्रकरण मात्र नको. मी हो म्हणून आलो. पण ते जुनं प्रकरण याच रजिस्टरात आहे, सहा वर्षांपूर्वीच्या पानावर, माझ्याच अक्षरात. ते पान समोर आलं आणि पुढे लिहवेना. म्हणून आधी तुम्हालाच लिहितोय.

मेलेल्या बाईंना पत्र लिहितोय हे कमिटीच्या थोरातसाहेबांना कळलं, तर माझ्याविरुद्धही ठराव होईल. तुम्हाला हसू आलं असतं का?

मी तुमच्या वर्गात आलो तेव्हा सात वर्षांचा होतो. चर्चच्या मागच्या पडवीत सतरंजी घालून तुम्ही आम्हाला शिकवायचात. पुढे रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका सुरू झाल्या आणि कल्याणातली पोरं घरातून हलेनात. तेव्हा तुम्ही कमिटीला न विचारता वर्ग उपासनेनंतर घ्यायला लागलात. कोणी विचारलं तर म्हणायचात, मुलं आली पाहिजेत, घड्याळ नाही. तुमचं हे न विचारणं मला तेव्हा फार आवडायचं.

मग तुमचे यजमान, साळवेकाका, अंथरुणाला खिळले. रेल्वेच्या वर्कशॉपमधला धडधाकट माणूस वर्षभरात चादरीखाली दिसेनासा झाला. आम्ही मंडळीचे लोक भेटायला यायचो, प्रार्थना करून, चहा पिऊन जायचो. रोज येऊन बसायची ती शेजारची फिलोमिना. ती कॅथलिक, आपण प्रोटेस्टंट; आपल्यात संतांकडे मागणं करत नाहीत. काकांच्या उशाशी बसून ती संत योसेफाला सांगायची, यांच्यासाठी देवाकडे विनंती कर. तुम्हीच मला सांगितलंत, की पहिले काही दिवस तुम्ही तोंड फिरवून बसायचात. मग नुसत्या ऐकायला लागलात. आणि एक दिवस तुमचेही ओठ हलले.

काका गेल्यावर मुलांच्या प्रार्थनेत शेवटी तुम्ही त्यांना म्हणायला लागलात, "अहो, आपल्या या मुलांसाठी तुम्हीही तिकडे विनंती करा." थोरातसाहेबांच्या नातीनं ते घरी जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

कमिटीची सभा अर्ध्या तासात आटोपली. आज प्रार्थनेत नवरा आणला, उद्या चर्चमध्ये पुतळे येतील, असं थोरातसाहेब म्हणाले. तुम्हाला बोलावून विचारावं, असं मला वाटलेलं. पण मी तेवीस वर्षांचा, नुकताच सेक्रेटरी झालेलो. मान खाली घालून लिहीत राहिलो.

आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते पटत नव्हतं. देव आणि माणूस यांच्यामध्ये ख्रिस्त एकटाच उभा आहे, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतंत. मग त्याच्या शेजारी तुम्ही स्वतःच्या नवऱ्याला का उभं केलंत? बाई, त्या वेळी मला तुमचा रागसुद्धा आला होता.

वर्गावरून काढल्याचं पत्र द्यायला मीच ठाकुर्लीला तुमच्या घरी आलो. तुम्ही चष्मा लावून ते दोनदा वाचलंत. मग विचारलंत,

"तू आजारी पडलास, तर माझ्यासाठी प्रार्थना करा असं मला सांगशील?"

"सांगेन की."

"का? ख्रिस्त आहे ना?"

"बाई, तुम्ही जिवंत आहात."

तुम्ही भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे पाहिलंत. "ख्रिस्तात निजलेलं माणूस मेलेलं असतं, असं शिकवलं होतं का मी तुला?"

तुम्ही पोचपावतीवर सही करून कागद परत दिलात. चहा विचारला नाहीत. त्या घरातून मी चहा न घेता निघालो तो पहिल्यांदाच.

तुम्ही दुसऱ्या मंडळीत जाल, असं सगळ्यांना वाटलं होतं. तुम्ही गेला नाहीत. दर रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसायचात, आणि उपासना संपली की पडवीकडे न पाहता निघून जायचात. दारात तुम्ही समोर आलात की मी रजिस्टर उघडून बसायचो.

मग माझ्या बायकोचं, सुनीताचं बाळंतपण अवघड झालं. सातवा महिना, अंगावर सूज, ब्लडप्रेशर वाढलेलं. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की दोघांपैकी कोणाचीच खात्री देता येत नाही. घरी आई होती, पाळकसाहेब होते, कमिटी होती. मी यातल्या कोणाकडेच गेलो नाही. भर दुपारी तुमच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, बाई, प्रार्थना करा.

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "मध्यस्थ एकच ना, अनिल?"

इतक्या कडक आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. तुम्ही पायात चपला सरकवल्यात आणि माझ्या आधी जिना उतरलात.

रिक्षात तुम्ही पुटपुटत होतात. मला देवाचं नाव ऐकू आलं, काकांचं आलं, योसेफाचं आलं, सुनीताचं आलं. ज्या गोष्टीसाठी मी तुम्हाला काढलं, तीच माझ्या शेजारी बसून तुम्ही माझ्यासाठी करत होतात. मी अडवलं नाही. मनात म्हणत होतो, थांबू नका.

सुनीता वाचली. बाळ दोन दिवस जगलं.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मी तुम्हाला जे बोललो, ते कमिटीतही तुम्हाला कोणी बोललं नव्हतं. काय केलं तुमच्या त्या सगळ्यांनी? कशाला बोलावलंत त्यांना? येणारेजाणारे थांबून बघत होते. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि हळू आवाजात म्हणालात,

"काम होईल म्हणून मी त्यांना हाक मारत नाही, अनिल. देवापुढे एकटीनं उभं राहवत नाही, म्हणून मारते."

मी मनगट सोडवून घेतलं आणि आत गेलो. त्या वाक्याला मी आजवर उत्तर दिलेलं नाही.

उत्तर सुनीतानं दिलं. महिन्याभरानं ती एकटीच तुमच्याकडे आली, आणि मग दर गुरुवारी यायला लागली. तुमच्याकडे काय करतेस, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, आम्ही बाळाचं नाव घेतो. आमच्या घरात ते नाव कोणी घेत नव्हतं, बाई. मीसुद्धा नाही. त्याचं नाव आशिष ठेवायचं तिनं ठरवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

माफी मागायला ठाकुर्ली काही लांब नव्हती. कल्याणहून एक स्टेशन. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी वर्षं घालवली. गेल्या सोमवारी फिलोमिनाचा फोन आला, की सकाळी दार वाजवलं तर बाई उठल्याच नाहीत. तुमच्या मातीला ती मागे उभी राहून माळ जपत होती. थोरातसाहेबांनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. त्यांचे डोळे ओले होते. तेही कधीतरी प्रार्थना मागायला तुमच्याकडे आलेले का? आता कोणाला विचारू?

शोकठरावात मी ते प्रकरण लिहिणार आहे. बाईंना न बोलावता, त्यांचं न ऐकता आपण त्यांना काढलं आणि ते चूक झालं, एवढं एक वाक्य. पाळकसाहेबांनी खोडलं तर रविवारी उभा राहून वाचेन. तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं, असं मात्र लिहिणार नाही. ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला आता कळलं असेल, नाही?

आणि एक. रोज संध्याकाळी दिवे लागले की सुनीता हात जोडून बसते. शेवटी ती आशिषचं नाव घेते, आणि या आठवड्यापासून तुमचंही. ती त्या नावांपाशी आली की मी आजवर पाणी प्यायला म्हणून उठत आलोय. तिनं मला कधी हटकलं नाही.

बाई, तुमच्याकडे मी काही मागणार नाही. मला ते जमणार नाही. तिच्या प्रार्थनेला आमेन तरी म्हणेन की नाही, तेही सांगता येत नाही. पण आजपासून ती तुमचं नाव घेईल तेव्हा मी उठून जाणार नाही.

तुमच्या वर्गातला,
अनिल