धुक्यातल्या चार हाका

२९ डिसेंबर, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. मी ठणठणीत आहे. थंडीने तुझा गुडघा कुरकुरत असेल, शेक घ्यायचा कंटाळा करू नकोस. भाचीला सांग, मामाला पाठवलंस खरं, पण मामा सुधारायचं काही लक्षण दिसत नाही.

हे हिवाळी शिबिर तिनेच माझ्या गळ्यात मारलं ना? तीस वर्षं टपाल कचेरीत शिक्के मारलेल्या माणसाने आता जंगलात बसून श्वासाकडे लक्ष द्यायचं! पहिल्या दिवशी डोळे मिटायला सांगितले आणि मी चक्क घोरलो. दुसऱ्या दिवशी दोर धरून कडा उतरलो. हसू नकोस. आमची वाटाडी पंचविशीची मुलगी आहे. गाठ मारली की दोनदा ओढून बघते, अगदी तुझ्यासारखी. मला तिच्याकडे फार वेळ बघवलं नाही.

संध्याकाळी शेकोटीभोवती प्रत्येकाने आपली एक गोष्ट सांगायची. मी ठेवणीतली सांगितली. आठ वर्षांचा मी डोंगरावर धुक्यात हरवलो, सोळा वर्षांची बहीण शोधत खाली उतरली, घसरली, गुडघा कायमचा गेला. सगळे हळहळले. एक बाई म्हणाल्या, "पण एवढ्याशा पोराला तिने एकटं सोडलंच कसं?"

बाबाही हेच म्हणाले होते. मी तेव्हाही गप्प बसलो होतो.

काल सकाळी दाट धुकं होतं. आम्हाला एकेका झाडाखाली तासभर एकटं बसवलं. नियम एकच, हाक आली की ओ द्यायची. हाक आली, पुन्हा आली. मी ओ न देता नुसत्या हाका मोजत राहिलो. ती मुलगी ठेचकाळत धावत आली. "काका, ओ का नाही दिलीत? जीव गेला ना माझा!"

ताई, मी हरवलो नव्हतो गं. तुझ्यापासून वीस पावलांवर, कातळाआड बसलो होतो. तू दोर बांधण्यात गुंगली होतीस, माझ्याशी बोलत नव्हतीस, म्हणून रुसलो होतो. तुझी पहिली हाक ऐकून हसू दाबलं. चौथ्या हाकेला तू रडवेली झाली होतीस, तेही ऐकलं. मग दगड घरंगळले.

बाबांनी तुझे चढाईचे बूट कुणाला तरी देऊन टाकले. गिर्यारोहणाच्या शाळेचं निवडपत्र तुझ्यासमोर फाडलं. मी एक वाक्य बोललो असतो तर ते थांबले असते. मार बसेल म्हणून बोललो नाही. पुढे बाबा गेले, मारणारं कुणी उरलं नाही, तरी बोललो नाही. आणि तू? मागच्या महिन्यात फोनवर पुन्हा म्हणालीस, "तुला एकटं सोडायला नको होतं रे." मी म्हटलं, "जाऊ दे गं." जसं काही मीच तुला माफ करत होतो! त्याची लाज सगळ्यात जास्त वाटते.

लगेच "असू दे" म्हणू नकोस, तुझी ती जुनी खोड आहे. आधी मनसोक्त चिडून घे. शनिवारी येतोय. दाराबाहेरून हाक मारीन. उत्तर द्यायचं की नाही, ते तू ठरव.

फार उशिरा ओ देणारा,
तुझा धाकटा