लोखंड आपलं, लाकूड परक्याचं

सुमवित्ग, ४ मे १९९९

ती. आजोबांस, फ्लुरिनाचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या घरी ठेवलेल्या लष्करी रायफलीचा दस्ता सुटा केला आणि माझी झोप गेली. तुम्ही सांगितलंत तसं दस्त्यावरच्या पोच्यांवर ओला फडका ठेवून तापलेली इस्त्री टेकवली; अक्रोडाचं लाकूड खरंच वर आलं. पण बुडाची लोखंडी पाटी काढली, तर खालच्या नावाच्या चिठ्ठीवर ‘बार्क्लामिउ तुओर, ट्रुन’ असं लिहिलेलं! नळीवरचा नंबर तुमच्या सेवापुस्तकाशी तीनदा ताडून पाहिला. तो तुमचाच. म्हणजे लोखंड आपलं, लाकूड परक्याचं.

आत उजवीकडे लाकूड फुगून नळीला टेकतं आणि तिला ढकलतं. तेवढं तासायला हवं. पण तासलेलं परत येत नाही, आणि वस्तू दुसऱ्याची. आई म्हणते, तास, तेल लाव आणि गप्प बस. दरवर्षीची मैदानी नेमबाजी या २९ तारखेला. रायफल तयार झाली तरच वृद्धाश्रमाबाहेर पाऊल टाकेन, असं तुम्ही बजावलंय. खुबा मोडल्यापासून तुम्ही अंगणातसुद्धा उतरला नाहीत. काय करू?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

आपली,
फ्लुरिना

इलांझ, ७ मे

चि. फ्लुरिनास अनेक आशीर्वाद.

घराण्यात पहिल्यांदा कोणी कॉलेजात गेलं, ते काय आजोबाची लबाडी वाचून काढायला? तर ऐक. एकोणपन्नासच्या शिबिरात मी आणि बार्क्लामिउ रायफलींसकट ओढ्यात पडलो. दस्ता काढायची मुभा फक्त शस्त्रागाराच्या मिस्त्रीला. आम्ही चोरून काढले, शेगडीला लावून वाळवले आणि तपासणीच्या घाईत हाताला येईल तो चढवला. तेव्हापासून माझी गोळी डावीकडे जाते आणि दर मे महिन्यात चांगल्या नेमाचा बिल्ला तो नेतो. आता इथे जेवायला माझ्यासमोरच बसतो, टोपीला सगळे बिल्ले टोचून. त्याला कळलं तर मला मातीत पुरेपर्यंत हसेल. तेव्हा तोंड मीट आणि तास. मग जवसाचं तेल, एका वेळी थेंबभर, तळवा पोळेपर्यंत चोळून.

तुझा,
आजोबा

सुमवित्ग, १० मे

ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.

आयुष्यात पहिल्यांदा तुमचं ऐकत नाही, त्याची क्षमा असावी. तासणी कपाटात आहे, तेलाची बाटली बंद आहे. तुम्ही बार्क्लामिउकाकांना सांगितल्याखेरीज मी दोन्ही उघडणार नाही. थर वाळायला दोन आठवडे लागतात, हे मी रोज बोटांवर मोजते. तरी नाही. तुमच्या टोपीला बिल्ला लागावा, पण तो असा नको.

रागावलात तरी पत्र धाडा.

फ्लुरिना

इलांझ, १३ मे

चि. फ्लुरिनास आशीर्वाद.

सांगितलं. सूप पिताना. त्या दांडगोबाला तीस वर्षांपासून ठाऊक आहे! त्याच्या पाटीखाली माझ्या नावाची चिठ्ठी निघाली होती. नेम छान लागत होता, मग उगाच कशाला बोलायचं, म्हणाला. मी चमचा फेकला. परिचारिका धावली. तर हा हसून हसून रडतोय, आणि मग मीही. त्याचा निरोप असा, की ते लाकूड जन्मापासूनच नाठाळ आहे, पोरीनं खुशाल तासावं.

उघड बाटली. आणि पोरी, बरं केलंस.

आजोबा

इलांझ, ३० मे

चि. फ्लुरिनास अनेक अनेक आशीर्वाद.

तुझी परीक्षा कालच होती म्हणून तुला पाहायला मिळालं नाही, ते आता वाच. तुझी आई रायफल घेऊन आली, तेव्हा तंबूतले लोक बिअर ठेवून दस्ता बघायला उठले. मधासारखा उजळला होता. मला चटईवर पालथं पाडायला दोघं लागले. गाल टेकवला तर जवसाचा वास आला. अठरा गोळ्या, आणि एकही डावीकडे गेली नाही, फ्लुरिना! आमच्या वयाला बिल्ल्यासाठी पंचावन्न गुण लागतात. माझे अठ्ठावन्न. बार्क्लामिउचे छप्पन्न.

परतताना गाडीपर्यंत मी काठीवर चालत गेलो, टोपी तिरकी करून. बिल्ला तिलाच आहे. आज सकाळी अंगणात दोन फेऱ्याही मारल्या. लोकांना दिसायला नको?

आता तो म्हणतो, लाकूड माझं आहे, परत दे. मी म्हटलं, दोन्ही दस्त्यांचा निवाडा आमची फ्लुरिनाच करणार. तिच्याकडे रीतसर लेखी अर्ज कर. तो पलीकडच्या टेबलावर पेन चावत बसलाय. अर्ज येईल. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, लगेच उत्तर द्यायला बसशील. तेवढं एकदा, माझ्यासाठी, पुढच्या मे महिन्यातल्या नेमबाजीपर्यंत थांब.

टोपीतला,
तुझा आजोबा